शिक्षकाचा पगार इतरांच्या तोडीचा आहे का? कागद-पेन घेऊन हिशोब असा मांडा

माझी भाची यंदा बारावी झाली. परवा तिनं विचारलं, मावशी मी डीएलएड (प्राथमिक शिक्षकाची पदविका) करू की पदवी घेऊन तलाठीची तयारी करू, पगार कशात जास्त? मी तिला लगेच उत्तर दिलं नाही, कारण मी स्वतः जिल्हा परिषद शाळेत २००९ पासून आहे आणि त्याआधी दोन वर्षं विनाअनुदानित शाळेत काढलीत, आणि या प्रश्नाचं एका वाक्यात कुणी उत्तर दिलं की ते हमखास चुकतं हे मला चांगलं माहितीये. कुणी म्हणतं मास्तरांना काय, लाखभर पगार आणि सहा महिने सुट्टी, कुणी म्हणतं शिक्षक उपाशी मरतोय, आणि दोघंही डोळ्यासमोर वेगवेगळा शिक्षक ठेवून बोलत असतात. म्हणून तिला सगळा हिशोब कागदावर मांडून दाखवला, तोच इथे लिहितेय. महाराष्ट्रापुरतं बोलतेय, बाकी राज्यांची वेतनश्रेणी वेगळी.

सगळ्यात आधी हे ठरवा की कुठल्या शिक्षकाबद्दल बोलताय. आपल्याकडे 'शिक्षक' हा एक पगार नाहीये. जिल्हा परिषदेचा किंवा शंभर टक्के अनुदानित शाळेतला कायम शिक्षक हा एक. पहिली तीन वर्षं मानधनावर असलेला शिक्षणसेवक हा दुसरा. टप्पा अनुदानावरचा, म्हणजे ज्याच्या पगारातले २०, ४०, ६० किंवा ८० टक्केच सरकार देतं तो तिसरा. पूर्ण विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळेतला चौथा, ज्याचा पगार संस्थाचालक ठरवतो. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे आणखी वेगळेच. हे पाच जण एकाच स्टाफरूममध्ये एकाच बाकावर बसून डबा खात असतात, एकच विषय शिकवतात, आणि त्यांच्या पगारात पाचपट फरक असू शकतो. त्यामुळे कागदावर सगळ्यात वर लिहा कोणता शिक्षक, आणि मगच पुढे जा.

आता तुलना कुणाशी करायची? इथे लोक हमखास चुकतात, शिक्षकाची तुलना एकतर हिंजवडीतल्या इंजिनिअरशी करतात नाहीतर रोजंदारीवरच्या मजुराशी, म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं असतं. तितकंच शिक्षण, तितकीच परीक्षा आणि तितकीच सेवा झालेला माणूस समोर घ्या. सातव्या वेतन आयोगात राज्यानं हे सोपं करून ठेवलंय, वेतनश्रेणी बघितली की कुणाला सरकार कुणाच्या बरोबरीचं मानतं ते कळतं. प्राथमिक शिक्षकाची श्रेणी एस-१०, २९,२०० ते ९२,३००. तलाठी एस-८, २५,५०० पासून. पोलीस शिपाई २१,७०० पासून, लिपिक १९,९०० पासून. माध्यमिकचा बीएड शिक्षक एस-१४ मध्ये, ३८,६०० ते १,२२,८००, आणि त्याच श्रेणीत पोलीस उपनिरीक्षक, राज्य कर निरीक्षक, कनिष्ठ अभियंता हे सगळे येतात. म्हणजे कागदावर बघितलं तर शिक्षकाला कमी लेखलंय असं नाही म्हणता येत, उलट चांगल्या जागी बसवलंय. मी हे आधीच कबूल करते कारण पुढचं बोलायचं तर आधी हे मान्य करायला हवं.

पण श्रेणी म्हणजे पगार नव्हे. हे भाचीला समजावायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

शिक्षकाला नोकरी लागल्याच्या दिवसापासून ती श्रेणी मिळत नाही, आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. ही योजना २००० साली आली. मी लागले तेव्हा महिन्याला ३,००० रुपये मिळायचे, त्यात खोलीचं भाडं आणि एसटीचा पास भागवून घरी पाठवायला काही उरायचं नाही, आणि वर्गात मात्र पन्नास पोरं पूर्ण पगारवाल्या बाईंना असतात तितकीच. नंतर मानधन ६,००० झालं आणि १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,००० झालं. आता हिशोब करा. महागाई भत्ता ५५ टक्के आणि ग्रामीण भागातलं घरभाडं १० टक्के धरू, वाहतूक भत्ता दोघांचाही सोडून देऊ. तलाठ्याला पहिल्या महिन्यापासून २५,५०० अधिक १४,०२५ अधिक २,५५० म्हणजे ४२,०७५ मिळतात. वार्षिक वाढ न धरताही तीन वर्षांचे १५ लाख १४ हजार ७०० होतात. शिक्षणसेवकाचे तीन वर्षांचे ५ लाख ७६ हजार. फरक ९ लाख ३८ हजार ७००.

चौथ्या वर्षी शिक्षक श्रेणीत येतो, २९,२०० वर त्याच हिशोबानं ४८,१८०. तोपर्यंत तलाठी तीन वाढी घेऊन २७,९०० वर पोचलेला असतो, म्हणजे ४६,०३५. आता शिक्षक पुढे गेला, पण किती पुढे? महिन्याला २,१४५ रुपये. आधीचे ९ लाख ३८ हजार या वेगानं भरून काढायचे तर ४३७ महिने लागतात, म्हणजे छत्तीस वर्षं! पगार वाढत जाईल तसा हा फरकही वाढेल त्यामुळे प्रत्यक्षात इतकी लागणार नाहीत, पण वरची श्रेणी असूनही अर्धी नोकरी ती सुरुवातीची तीन वर्षं फेडण्यात जाते हे खरं आहे. हे फक्त शिक्षकांनाच आहे असंही नाही, ग्रामसेवक आणि कृषिसेवकही तीन वर्षं मानधनावरच असतात, म्हणून म्हणते तुलना कुणाशी करताय ते नीट निवडा. पण बीएड शिक्षक आणि पोलीस उपनिरीक्षक एकाच एस-१४ मध्ये असून एकाला पहिली तीन वर्षं १८,००० आणि दुसऱ्याला पूर्ण पगार, याचं पटेल असं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आता खासगी नोकरीशी तुलना. इथे दोन्हीकडे वेगवेगळी भाषा असते, कंपनीवाला सीटीसी, म्हणजे कंपनीला त्याच्यावर पडणारा वर्षाचा एकूण खर्च सांगतो आणि शिक्षक हातात पडलेला आकडा सांगतो, आणि मग वाद चालतात. दोघांनाही एकाच साच्यात घाला. समजा पंधरा-सोळा वर्षं सेवा झालेल्या शिक्षकाचं मूळ वेतन ४५,००० आहे. महागाई भत्ता २४,७५०, घरभाडं ४,५००, एकूण ७४,२५०. यातून एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) १० टक्के म्हणजे ६,९७५ आणि व्यवसाय कराचे २०० गेले की हातात ६७,०७५ राहतात, पतसंस्थेचा हप्ता वेगळा, तो कर्ज आहे, तो तुलनेत धरायचा नाही. पण सरकार वरून एनपीएसमध्ये १४ टक्के भरतं, ते ९,७६५, आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरली तर महिन्याला साधारण ३,३५५, म्हणजे कंपनीच्या भाषेत या शिक्षकाचा सीटीसी १० लाख ४८ हजारांच्या आसपास जातो. आता समोर १२ लाख सीटीसीवाला घ्या. त्याचं बेसिक ४०,००० धरलं तर कंपनीचा पीएफ ४,८००, ग्रॅच्युइटी १,९२४, आणि दहा टक्के व्हेरिएबल असेल तर महिन्याचे १०,००० वर्षाअखेरी मिळाले तर मिळाले. ते काढा, मग त्याचा स्वतःचा पीएफ ४,८०० आणि व्यवसाय कर काढा, हातात ७८,२७६. म्हणजे ऐकताना '१२ लाख आणि ६७ हजार' असं जमीन-अस्मान वाटलं होतं, तो प्रत्यक्षात अकरा हजारांचा फरक निघाला, आणि त्यात त्याचं पुण्यातलं घरभाडं अजून जायचंय. (माझ्या भावाशी याच मुद्द्यावर दोन दिवाळ्या वाद झाला होता, शेवटी दोघांनी पे-स्लिपा शेजारी ठेवल्या तेव्हा मिटला.) अर्थात त्याचा पगार नोकरी बदलली की एकदम तीस टक्के वाढू शकतो, आपला दरवर्षी तीन टक्केच, आणि त्याला कधी नारळ मिळेल याची धास्ती, ती आपल्याला नाही. या धास्तीला रुपयांत किंमत लावता येत नाही पण कागदावर एक ओळ तिच्यासाठीही ठेवा.

ती धास्ती शिक्षकाला अजिबात नाही असंही आता म्हणता येणार नाही, कारण १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरलीय त्यांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायला सांगितलंय, वीस-वीस वर्षं शिकवलेले लोक रात्री अभ्यासाला बसलेत.

आता सुट्ट्या. यावर सगळ्यात जास्त बोललं जातं म्हणून इथे जरा थांबून दिवस मोजाच. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे वर्षभरातल्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ च्या वर जाता येत नाही, दिवाळी, उन्हाळा, सणवार सगळं त्यात आलं. ३६५ मधून ५२ रविवार आणि ७६ सुट्ट्या वजा केल्या की उरतात २३७ दिवस. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यांचे शनिवार-रविवार १०४ गेले, २६१ उरले, मधल्या वारी येणाऱ्या वीसेक सार्वजनिक सुट्ट्या गेल्या, २४१, आणि वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते ती घेतली तर २११. किरकोळ रजा दोघांच्याही सोडून दिल्यात. शाळेचा शनिवार अर्धा असतो, ते अर्धे दिवस वजा केले तरी शिक्षकाचे दिवस कार्यालयापेक्षा कमी भरत नाहीत. आकडे माझे नाहीत, कॅलेंडर घ्या आणि स्वतः मोजा. शिक्षण हक्क कायद्यातही शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरलाय, तयारीचे तास धरून. फरक इतकाच की आमची सुट्टी एका गठ्ठ्यात आणि सगळ्या गावाला दिसेल अशी येते.

आणि त्या दिसणाऱ्या सुट्टीची किंमत शिक्षक निवृत्तीला मोजतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. इतर कर्मचाऱ्यांची अर्जित रजा न वापरता साठत जाते आणि निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतचे पैसे मिळतात. शेवटचं मूळ वेतन ६०,००० असेल तर महागाई भत्ता धरून दहा महिन्यांचे ९ लाख ३० हजार. शिक्षक दीर्घ सुट्टी विभागात मोडतो, त्याला वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते, अर्जित रजा फक्त सुट्टीत कामाला लावलं तर त्या प्रमाणात. म्हणून निवडणूक, जनगणना अशा कामाला उन्हाळ्यात बोलावलं तर आदेशाची प्रत घ्या आणि सेवापुस्तकात त्याची नोंद करूनच घ्या, नुसतं 'बघू नंतर' वर सोडू नका, नंतर कुणी बघत नाही.

पुढच्या तीस वर्षांची शिडी पण बघायची असते. बाकीच्या राज्य कर्मचाऱ्यांना आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांनी वरची श्रेणी मिळते. शिक्षकाला १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनी निवड श्रेणी, तीही प्रशिक्षण झालं असेल तर, आणि निवड श्रेणी सगळ्यांना नाहीच, वरिष्ठ श्रेणीतल्या फक्त २० टक्के लोकांना. म्हणजे पाच जण बरोबर लागले, बरोबर शिकवलं, त्यातल्या एकाला मिळणार. बाकी चौघांनी काय कमी केलं? सुरुवातीच्या पगाराची तुलना करून जे लोक थांबतात त्यांच्या हे लक्षातच येत नाही, पेन्शनचंही तसंच.

पेन्शनचं थोडक्यात. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्याला जुनी पेन्शन, नंतरच्याला पगारातून कपात होणारी अंशदायी पेन्शन, आधी डीसीपीएस आणि मग एनपीएस. यात शिक्षक आणि इतर कर्मचारी एकाच होडीत आहेत, मार्च २०२३ चा संप सगळ्यांनी मिळून केला होता, त्यामुळे तलाठ्याशी तुलना करताना ही ओळ दोन्हीकडे सारखीच लिहा. शिक्षकांमध्ये एक वेगळा अडकलेला गट आहे, जे २००५ च्या आधी लागले पण ज्यांची शाळा शंभर टक्के अनुदानावर नंतर आली, त्यांना जुनी पेन्शन नाकारली गेली आणि ते वर्षानुवर्षं कोर्टात आहेत. आणि तुमचं डीसीपीएस असेल तर कपात झालेली रक्कम खात्यात जमा दिसतेय का ते वर्षावर्षाचं तपासा. माझ्या पहिल्या काही वर्षांचा हिशोब जुळवायला मला किती खेटे घालावे लागले ते मलाच माहीत, पगारपत्रकं जपून ठेवली होती म्हणून जुळला.

आजारपणाचं एक. कंपनीत कॅशलेस कार्ड असतं. आपल्याला वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती आहे, पण आधी स्वतः भरायचं, मग बिलं जोडायची, मग मंजुरी, मग निधी यायची वाट. कागदावर लाभ आहे, पण ऑपरेशनच्या दिवशी हातात पैसे नाहीत. त्यामुळे तुलनेत हा लाभ पूर्ण धरू नका, आणि वेगळा मेडिक्लेम घेत असाल तर त्याचा हप्ता पगारातून वजा करा. वर्गासाठी खिशातून घातलेले पैसे पण वजा करा, झेरॉक्स, रंग, खडू, मोबाईलचा डेटा, वर्षाचे किती होतात ते एकदा लिहून बघा. आणि वरकमाईचा रस्ता? डॉक्टर दवाखाना टाकतो, इंजिनिअर बाहेरची कामं घेतो, शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नंच बंदी आहे. ती बंदी योग्यच आहे असं माझं मत आहे, पण बंदी आहे तर मग पगारावरच संसार चालला पाहिजे ना.

इथपर्यंतचं सगळं कायम शिक्षकाचं झालं. आता ज्यांच्यासाठी खरं तर हा सगळा प्रपंच लिहायला बसले त्यांचं.

टप्पा अनुदानावरच्या बीएड शिक्षकाचा हिशोब असा मांडा. पूर्ण पगार ३८,६०० वर ६३,६९० होतो. ४० टक्के टप्पा असेल तर २५,४७६. २० टक्के असेल तर १२,७३८. आणि ही माणसं नवीन नाहीत, 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' शब्द २००९ साली काढला गेला, तेव्हापासून प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानावर जाऊन बसावं लागलंय. केस पिकले तरी अर्ध्या पगारावर असलेले लोक मी ओळखते. इथे तुलना दुसऱ्या व्यवसायाशी करायचीच नाही, शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याशी करायची, तेवढीच पुरे.

पूर्ण विनाअनुदानितमध्ये तर कायदा आणि हातात पडणारा पैसा यांचा संबंधच तुटलेला असतो. महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायदा १९७७ चा आणि त्याचे नियम १९८१ चे, त्यात ठरवून दिलेल्या श्रेणीपेक्षा कमी पगार द्यायची मोकळीक संस्थेला नाही. मी ज्या शाळेत होते तिथे रजिस्टरवर सही एका रकमेवर व्हायची आणि पाकिटात दुसरी रक्कम यायची, मे महिन्याचं पाकीट यायचंच नाही. आम्ही सगळ्या जणी गप्प बसलो कारण पुढे मान्यता मिळेल, अनुदान येईल अशी आशा होती.

म्हणून अशा शाळेत लागताना पगाराचा आकडा विचारून उठू नका, हे विचारा: पगार वर्षाचे बारा महिने की दहा? बँकेत की रोख? पीएफ कापतात का, आणि संस्थेचा वाटा माझ्याच पगारातून तर काढत नाहीत ना? नेमणूक आदेश लेखी आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेसाठी पाठवणार का? पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क तयार होतो, शिक्षकांना तो नाही असं २००४ मध्ये कोर्टानं म्हटलं होतं पण २००९ च्या दुरुस्तीनं तो ३ एप्रिल १९९७ पासून दिला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती दुरुस्ती कायम ठेवली. शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं, हे सूत्र लिहून ठेवा, संस्थेचा कारकून 'शिक्षकांना नसते' म्हणाला तर दाखवता येतं. हजेरीपत्रकाचे फोटो, बँक स्टेटमेंट, आदेशाच्या प्रती घरी एका फाइलमध्ये ठेवा. एकाएकी काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं पण मुदत फार थोडी असते आणि तिथे तोंडी सांगितलेलं चालत नाही.

भाचीच्या कागदावर शेवटी आम्ही दोन रकाने केले, डावीकडे तलाठी, उजवीकडे प्राथमिक शिक्षक, आणि खाली पहिल्या दहा वर्षांची बेरीज. डावा रकाना जड निघाला. तिनं बराच वेळ बघितलं, मग विचारलं की त्या तीन वर्षांत १६,००० मध्ये तालुक्याच्या गावी राहता येईल का. खोली, मेस, गाडीचं पेट्रोल असं धरून आम्ही तो तिसरा हिशोब मांडला, महिन्याला साडेचार हजार उरत होते. डीएलएडचा फॉर्म तिनं भरलाय, आणि पदवीसाठी बाहेरून प्रवेशही घेतेय.